चाकाविना घडलेलं काळं भांडं: प्वेब्लो घराण्यांची पद्धत, मातीपासून जाळापर्यंत

अमेरिकेच्या न्यू मेक्सिकोत राहणाऱ्या प्वेब्लो या मूलनिवासी लोकांच्या सांता क्लारा किंवा सान इल्देफोन्सो या गावांतल्या भांडी घडवणाऱ्या घरात सगळ्यात जपून ठेवलेली वस्तू कोणती, तर घोटण्याची गारगोटी. नदीकाठी मिळणारा, मुठीत मावणारा गुळगुळीत दगड. आईकडून मुलीकडे, आजीकडून नातीकडे तो जातो आणि दोन-तीन पिढ्यांच्या हातांखाली झिजून आणखी गुळगुळीत होतो. तो हरवला तर घरात एखादा दागिना गेल्यासारखी हळहळ होते. तिथल्या सँटा फे शहरातल्या जुन्या राजवाड्याच्या ओसरीत विक्रेत्या बायका चादर पसरून बसतात. तिथे एक काळं भांडं पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा मला वाटलं, याला चकचकीत रंग दिला असणार. रंग नव्हता, लुकणही नव्हतं. ती चकाकी असल्याच एका दगडाने माती घोटून आणलेली होती.

त्यानंतर ही पद्धत मी अंगणात, आपल्याकडच्या मातीवर, बरीच वर्षं करून पाहिली. पुढे लिहिलेलं त्यातूनच आलं आहे. आधी एक गोष्ट सांगते, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. भांडं जाळात फुटताना दिसतं, पण बहुतेक वेळा ते दहा-पंधरा दिवस आधी, माती तयार करतानाच फुटलेलं असतं. प्वेब्लो घरांतली मुलं आधी माती निवडायला आणि चाळायला बसतात, भांडं वळायचं पुढे कधीतरी. त्यामागचा शहाणपणा मला माझी पहिली तीन भांडी गेल्यावर कळला.

ही माणसं कोण, आणि हे त्यांच्या घरांत टिकलं कसं

'प्वेब्लो' हा स्पॅनिश शब्द, अर्थ गाव. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात, बरीचशी रिओ ग्रान्दे नदीच्या आसपास, अशी १९ गावं आहेत. पश्चिमेला ॲरिझोनात होपी लोक राहतात. भाषा वेगवेगळ्या, प्रत्येक गावाची माती वेगळी आणि भांड्यांची तऱ्हाही वेगळी. दीड हजार वर्षांहून अधिक काळ ही माणसं चाकाशिवाय भांडी घडवत आली आहेत. आपल्याकडे कुंभार म्हटलं की चाक आलंच, आणि चाकावर बहुधा पुरुष. तिथे चाक नाही आणि मुख्य हात बायकांचे आहेत. भारतात याच्या जवळचं काही पाहायचं तर मणिपूरला जावं लागेल. तिथल्या आंद्रो गावच्या बायकाही चाकाविना भांडी घडवतात.

१८८० च्या सुमारास रेल्वे न्यू मेक्सिकोत पोचली आणि तिच्याबरोबर पत्र्याची स्वस्त भांडी आली. पाण्याचे घडे, धान्याचे रांजण यांची गरज संपत चालली. त्या काळात सान इल्देफोन्सोची मारिया मार्टिनेझ आपल्या मावशीकडे, निकोलासा पेन्याकडे, बसून हे काम शिकली. १९०७ नंतर एडगर ह्यूएट या पुरातत्त्वज्ञाने जवळच्या पठारावर उत्खनन केलं, तिथे मारियाचा नवरा हुलियान कामाला होता. सापडलेल्या जुन्या खापरांसारखं भांडं करून दाखव, असं ह्यूएटने मारियाला सांगितलं. त्या खटपटीतून, १९१९ च्या सुमारास, चकाकत्या काळ्यावर निस्तेज काळी नक्षी असलेली भांडी तयार झाली. मारिया वळायची आणि घोटायची, हुलियान नक्षी काढायचा. तंत्र तिने स्वतःपुरतं ठेवलं नाही, गावातल्या इतरांना शिकवलं. १९४३ मध्ये हुलियान वारला, मग सून सान्ताना नक्षी काढू लागली आणि पुढे मुलगा पोपोवी दा. मारिया १९८० मध्ये गेली. तिची पणती बार्बरा गोन्झालेस याच कामात नावाजली. पणती म्हणजे नातवंडाची मुलगी आणि पणती म्हणजे मातीचा दिवाही. हे लिहिताना दोन्ही अर्थ मनात येतात.

सांता क्लाराची मार्गारेट तफोया (१९०४–२००१) आई सारा फिना हिच्याकडे शिकली. ती अडीच फूट उंचीचे रांजण हातांनी वळून एकसंध घोटायची. वीतभर भांडं घोटून पाहिलेल्या माणसाला यातली ताकद समजेल. होपी प्रदेशातल्या हानो गावच्या नाम्पेयोने सिक्यात्की या ओसाड पडलेल्या गावातल्या जुन्या खापरांवरून आकार आणि नक्षी पुन्हा जिवंत केली. तिची दृष्टी जवळजवळ गेल्यावर ती बोटांच्या अंदाजाने आकार देत राहिली, रंगवण्याचं काम घरच्यांनी उचललं. तिच्या मुलींनी आणि नातींनी ते पुढे चालवलं, आणि त्यांच्या पुढच्या पिढ्या आजही ते करत आहेत.

एका भांड्यावर घरातल्या तीन-चार जणांचे हात असणं, हीच तिथली रीत आहे. जमलं तर तुम्हीही हे काम एकट्याने करू नका.

माती

तिथली माती दुकानातून येत नाही. प्रत्येक घराला आपली खाण माहीत असते आणि ती जागा बाहेरच्याला सांगत नाहीत. माती खणण्याआधी मक्याचं पीठ वाहून प्रार्थना करतात. माती ही आई आहे, म्हणून गरजेपुरतीच घ्यायची. पर्यटक म्हणून तिकडे गेलात तर तिथली माती किंवा वाटेत दिसलेलं जुनं खापर पिशवीत टाकू नका. संरक्षित जमिनीवरून खापर उचलणं हा तिथे कायद्याने गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी ती वस्तू कुणाच्यातरी पूर्वजांची आहे.

आपल्या कामासाठी आपल्याकडची माती घ्यायची. दख्खनची काळी, कपाशीची माती नको. ती पाणी पिऊन फुगते आणि सुकताना तेवढीच आक्रसते, उन्हाळ्यात शेताला पडलेल्या भेगा आठवा. कुंभार वापरतात ती तळ्याची किंवा नदीकाठची चिकण माती चांगली. गावातल्या कुंभाराकडे रीतसर पैसे देऊन घमेलंभर मागितली तर बहुधा मिळते, आणि ती कशी वागते हेही तो सांगतो.

मातीचे ढेकूळ आधी उन्हात खडखडीत वाळवा. ओली माती भिजत घातली तर गाठी राहतात, पूर्ण वाळलेली मात्र पाण्यात आपोआप विरघळते. वाळली की फोडा, मुळं आणि खडे निवडा आणि बादलीत भरपूर पाणी घालून तीन-चार दिवस ठेवा. ढवळून पातळ रबडी झाली की डासांच्या जाळीतून आणि मग जुन्या सुती धोतरातून गाळा. खिडकीची जाळी प्वेब्लो घरांतही हल्ली सर्रास वापरतात.

गाळणं इतकं मनावर घेण्याचं कारण चुनखडी. आपल्या मातीत तिचे बारीक खडे असतात. जाळात त्यांचा कळीचा चुना होतो. भांडं साबूत बाहेर येतं आणि आठवड्याने हवेतली ओल शोषून तो चुना फुगतो, वरची खपली उडते आणि खड्डा पडतो. रिओ ग्रान्देच्या काठीही हे दुखणं आहे. गाळलेल्या मातीवर लिंबाचे किंवा व्हिनेगरचे थेंब टाकून पाहा. फसफसली तर चुना आहे. तसली माती बाजूला ठेवा.

आता यात 'भर' घालायची. नुसती चिकण माती सुकताना तडकते आणि जाळात आतली वाफ बाहेर पडायला तिच्यात वाट नसते. सांता क्लारा आणि सान इल्देफोन्सोत ज्वालामुखीची राख घालतात. झिया गावात काळ्या बेसाल्ट दगडाची भुकटी घालतात, तर ॲकोमा गावात फुटलेल्या जुन्या भांड्यांची. ताओस आणि पिकुरिस गावांच्या मातीत मुळातच अभ्रक असतं. तिला वेगळी भर लागत नाही आणि तिची भांडी थेट चुलीवर चढतात. आपले कुंभारही मातीत राख आणि घोड्याची लीद मिसळतात, कारण तेच.

आपल्याला सोपी पडते ती ॲकोमाची रीत. फुटका माठ किंवा विटकरी कुंडी घ्या, गोणपाटात गुंडाळून हातोडीने फोडा, खलबत्त्यात कुटा आणि चहाच्या गाळणीतून चाळा. कुटताना नाकाला मास्क हवाच, ही धूळ फुप्फुसात गेली तर निघत नाही. गाळलेली माती तीन वाट्या, भुकटी एक वाटी, या मापाने सुरुवात करा.

रबडी कापडावर ओतून पाणी उडू द्या. कणकेइतकी घट्ट झाली की भुकटी पसरून तिंबायला घ्या. जास्त असेल तर कापडावर पायाने तुडवा, सांता क्लारातही तसंच करतात. पुरेशी तिंबली का, हे पाहायला करंगळीएवढी वळी करून बोटाला गुंडाळा. पृष्ठभाग भेगाळला तर माती कोरडी आहे किंवा भर जास्त झाली. वळी न भेगाळता लवली पण बोटांना चिकटून राहिली तर भर कमी आहे. जुन्या बायका माती जिभेला लावूनच ओळखतात. तयार गोळा ओल्या फडक्यात आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून निदान एक आठवडा मुरवा. हा आठवडा टाळायचा मोह होतो. टाळू नका. मुरलेली माती वळताना कडेला फाटत नाही.

वळणं

तळाला आधार म्हणून एक उथळ वाडगा लागतो, या दोन गावांच्या तेवा भाषेत त्याला पुकी म्हणतात. आपलं मातीचं परळ किंवा खोलगट ताटली चालेल. आत वस्त्रगाळ राख भुरभुरा, म्हणजे माती चिकटणार नाही. मातीची भाकरी थापा. अगदी ज्वारीची थापतो तशी, कडेने पातळ करत, पण अर्ध्या बोटाची जाडी ठेवून. ती पुकीत बसवा आणि कडा वर उचला.

मग तळहातांमध्ये अंगठ्याएवढ्या जाडीची वळी करा. ती काठाच्या आतल्या बाजूने ठेवत जा आणि चिमटत जा. वळीची माती अंगठ्याने खालच्या थरावर ओढा, बाहेरून बोटांनी वर. नवशिके वळी नुसती वर ठेवतात आणि पाण्याचा हात फिरवून सांधा झाकतात. सांधा दिसेनासा होतो, पण आत तसाच राहतो आणि सुकताना भांडं नेमकं त्या रेषेवर सुटतं. पाणी कमी, चिमटा जास्त.

तीन-चार वळ्या झाल्या की थांबा. काठावर ओलं फडकं टाकून बाकीचं भांडं तास-दोन तास आवळू द्या, नाहीतर वजनाने ते बसकण मारेल. पोट फुगवायचं असेल तर भांडं वळून उभं राहिल्यावर, आतून वक्र पट्टीने बाहेर ढकलत फुगवायचं. ही पट्टी तिथे वाळलेल्या भोपळ्याच्या कवचाची असते. आपल्याकडे दुध्या भोपळ्याचं सुकलेलं कवच किंवा नारळाच्या करवंटीचा घासलेला तुकडा छान चालतो. बाहेरून एका हाताचा आधार, आतून पट्टी, आणि भांडं आपल्याकडे थोडं थोडं फिरवत राहायचं. हाताला भिंतीची जाडी कळायला लागते ती याच वेळी. पहिलं भांडं वीतभर उंचीचं, रुंद तोंडाचं करा. अरुंद गळ्यात हात जात नाही आणि घोटताना आधार मिळत नाही.

सांता क्लारासारखी कोरीव नक्षी हवी असेल तर ती आताच, माती चामड्याइतकी घट्ट असताना करायची. पहिल्या भांड्याला ती नको.

सुकवणं आणि घासणं

सावलीत, वाऱ्याच्या झोतापासून दूर, पहिले दोन दिवस प्लॅस्टिकखाली आणि मग उघड्यावर. कोरड्या हवेत आठवडा पुरतो. पावसाळ्यात दोन-तीन आठवडे धरा, शक्य असेल तर काम दिवाळीनंतरच काढा. गालाला लावून गार लागलं तर आत अजून पाणी आहे.

सुकलं की बारीक पॉलिश कागदाने घासून उंचवटे काढा. पूर्वी खरबरीत दगडाने घासत. मास्क लावा, अंगणात बसा आणि धूळ झाडूने न उडवता ओल्या फडक्याने टिपा. या टप्प्याला भांडं बिस्किटासारखं ठिसूळ असतं, त्याला काठाला धरून उचलू नका. आता उजेडात फिरवून बघा. केसाएवढी चीर दिसली तर भांडं मोडून माती परत भिजत घाला. चीर भरून पुढे जाता येत नाही, जाळात ती उघडतेच. सुकलेली माती पुन्हा माती होते, भाजलेली कधीच होत नाही.

लेप आणि घोटणं

हा या कामाचा गाभा आहे, म्हणून इथे रेंगाळते.

काळं भांडं आधी तांबडं असतं. त्याच्यावर लोहयुक्त मातीचा पातळ लेप देतात आणि तो ओलसर असतानाच घोटतात. आपल्याला गेरू उत्तम, पण मातकट नैसर्गिक गेरू घ्या. रंगाच्या दुकानातला भेसळीचा चालत नाही. बारीक वाटून भरपूर पाण्यात ढवळा, दहा मिनिटं ठेवा आणि जड गाळ खाली राहू देऊन वरचं तांबडं पाणी दुसऱ्या भांड्यात ओता. त्यात भांड्याचीच गाळलेली माती निम्म्याला निम्मी मिसळा. नुसता गेरू अंगाला धरत नाही, माती त्याला बांधते. दाटपणा साईच्या दुधाइतका.

मऊ फडक्याने एकामागून एक पाच-सहा हात द्या. एका हाताची ओल विरली की पुढचा. शेवटचा हात दिल्यावर ओली चमक जाऊन लेप नुसता थंड आणि मऊ लागेल, ती घोटायची वेळ. लवकर घोटलं तर दगड लेप ओरबाडतो, उशीर झाला तर लेप घोटला जात नाही, नुसत्या रेघा उठतात.

गारगोटी आधी नीट निवडा. नखाने चाचपल्यावर कुठेही खाच लागता कामा नये. एकाच दिशेने, थोड्या दाबाने, रेघेला रेघ लावून घोटत जा आणि मग आडवं घोटा. तीन मिनिटांत पृष्ठभागाला तेज चढू लागतं. लेपातले मातीचे सूक्ष्म चपटे कण अस्ताव्यस्त असतात, दगडाच्या दाबाने ते एका पातळीत निजतात आणि पृष्ठभाग आरशासारखा प्रकाश परत फेकतो.

मध्ये उठायचं नाही. फोन नाही, चहा नाही, दारावरची घंटा नाही. सुकलेल्या आणि ओल्या भागाचा जोड कायमचा दिसतो आणि मग सगळा लेप घासून काढून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. वीतभर भांड्याला मला दोन तास लागतात. तिथल्या मोठ्या रांजणांना घरातल्या दोघी-तिघी मिळून बसतात, त्याचं कारणही हेच. एकीचा हात थकला की दुसरी दगड घेते, पण लेप थांबून राहत नाही. माझ्याबरोबर माझी आई बसायची. तिला मातीकामातलं काही येत नव्हतं, पण आयुष्यभर पापड लाटलेल्या हाताला दाब कुठे किती द्यायचा हे सांगावं लागलं नाही.

शेवटी बोटावर तेलाचा थेंब घेऊन सगळीकडे चोळा आणि कोरड्या सुती कापडाने पुसा. यानंतर भांडं उघड्या बोटांनी धरू नका, ठसे उमटतात.

नक्षी

सान इल्देफोन्सोच्या पद्धतीत घोटलेल्या अंगावर पातळ लेपानेच नक्षी काढतात आणि ती घोटत नाहीत. जाळातून निघाल्यावर घोटलेला भाग चमकतो, नक्षी निस्तेज राहते. ब्रश युक्का या झुडपाच्या पानाचा, टोक चावून तंतू सुटे केलेला. ॲकोमाच्या पांढऱ्या भांड्यांवर केसासारख्या बारीक समांतर रेषा याच ब्रशने येतात. काळ्या रंगासाठी काही गावांत एका रानभाजीसारख्या झाडाचा पाला तासन्‌तास उकळून काकवीसारखा आटवतात आणि त्याच्या वड्या करून ठेवतात.

तंत्र शिका, वापरा. नक्षी उचलू नका, हे माझं ठाम मत आहे. भांड्याभोवती विळखा घालणारा अवान्यू हा त्यांच्या पाण्याचा रक्षक सर्प आहे. सांता क्लाराच्या भांड्यावरचा अस्वलाचा पंजा त्या अस्वलाची आठवण आहे ज्याने दुष्काळात लोकांना पाण्यापर्यंत नेलं. ही घराण्यांची आणि गावांची खूण आहे. आपल्या घरातही अशी खूण असते. माझ्या आजीच्या वहीत ठिपक्यांच्या रांगोळ्या होत्या, त्यातली एक मी भांड्याच्या गळ्याला काढते. काहीच सुचलं नाही तर भांडं साधं ठेवा, घोटलेलं काळं अंग पुरेसं सुंदर दिसतं.

जाळ

प्वेब्लो पद्धतीत भट्टी नसते, उघड्यावरचा आवा असतो. हे काम गच्चीवर किंवा सोसायटीच्या आवारात करू नका. धूर भरपूर होतो. मोकळं शेत, वारा पडलेली पहाट, भरलेल्या पाण्याच्या दोन बादल्या आणि सोबत एक माणूस एवढं हवंच. आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर पुढे ढकला.

दोन वीतभर भांड्यांना मला लागतं ते असं: तीसेक वाळलेल्या गोवऱ्या, पाच-सहा किलो बारीक कोरडं सरपण, दीड बादली सुकलेली आणि हाताने चुरलेली घोड्याची लीद, बादलीभर राख. तिथेही गाईचं वाळलेलं शेणच रचतात, सरपण जुनिपर या झाडाचं असतं. होपी लोक मेंढीचं शेण वापरतात.

जमिनीवर आधी नुसता जाळ करून ती जागा तापवून कोरडी करा. तोवर भांडी तव्याखालच्या मंद आचेच्या उबेत किंवा ओव्हनमध्ये १०० अंशांवर दोन तास ठेवा. राहिलेलं पाणी निघून जायला हवं. जाळात ठप्प असा आवाज येऊन भांड्याच्या अंगाचा तुकडा उडतो, तो आत अडकलेल्या वाफेचा असतो.

तीन कोरड्या विटांवर लोखंडी जाळी ठेवा. नदीतले गोटे नकोत, त्यांच्या पोटात पाणी असतं आणि ते तापून फुटतात. गरम भांडी जाळीवर पालथी ठेवा, एकमेकांना न चिकटवता. भोवती आणि वर पत्रा लावा म्हणजे गोवरी थेट अंगाला टेकणार नाही. ती टेकते तिथे डाग पडतो. तेलाच्या डब्याचा पत्रा आधी जाळात भाजून घ्या. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा अजिबात वापरू नका, तापल्यावर त्यातून विषारी वाफ निघते. पत्र्याभोवती गोवऱ्यांची घट्ट भिंत आणि वर छप्पर रचा. हवेसाठी खाली फटी ठेवा.

सरपण खालून पेटवा, पहिली दहा मिनिटं अगदी हळू. मग वाढवा. गोवऱ्या पेटून लाल झाल्या की फटीतून बघत राहा. साधारण अर्धा ते पाऊण तासात पत्र्याआड भांडं मंद लाल दिसायला लागतं. तापमान ६५० ते ७५० अंश सेल्सिअसच्या आसपास आलेलं असतं. पहाटेच्या अंधुक उजेडातच हा रंग कळतो, म्हणून पहाट. यापुढे तापवत राहिलात तर घोटलेले कण हलतात आणि चकाकी मरते.

इथे थांबलात आणि नुसतं गार होऊ दिलंत तर भांडं तांबडं निघेल, तीही तिथली परंपरा आहे. काळं हवं असेल तर आता घाई करायची, आणि सबंध कामात घाई करायची ही एकच वेळ. चुरलेली लीद सगळ्या बाजूंनी एकदम टाका आणि ढीग पूर्ण झाका. जिथून धूर निघताना दिसेल तिथे राख टाका. बारीक लीद ज्वाळा विझवते पण स्वतः धुमसत राहते, त्यामुळे आतला प्राणवायू संपतो. प्राणवायू न मिळालेला जाळ तो मातीतल्या तांबड्या लोहाकडून खेचतो आणि लोहाचं तांबडं रूप काळं होतं. वर धुरातला कार्बन अंगात मुरतो. सोबतच्या माणसाचं काम एवढंच, गळती शोधणं. एक बोटभर फट राहिली तरी तिथे तपकिरी चट्टा येतो.

सरावलेल्या बायका तासाभरात काठीने भांडं बाहेर काढतात. तुम्ही ढीग हाताला सहन होईल इतका निवेपर्यंत थांबा, तीन-चार तास. गरम भांड्याला गार वारा लागला तर शेवटच्या क्षणी तडा जातो.

बाहेर काढल्यावर

राख कोरड्या फडक्याने पुसा. करडं निघालं तर हवा गेली. तेच भांडं पुन्हा भाजता येतं, मी एक भांडं दोनदा भाजून काळं केलं आहे. काळं पण निस्तेज निघालं तर जाळ जास्त झाला किंवा घोटणं कच्चं राहिलं, त्याला उपाय नाही. तळाला चंद्रकोरीसारखी चीर असेल तर भाकरी थापताना तळ कडांपेक्षा फार जाड राहिला होता.

हे भांडं कमी आचेवर भाजलेलं, काचलेप नसलेलं आहे. पाणी भरू नका, अन्न ठेवू नका. चकाकीवर पाण्याचा थेंब राहिला तर डाग पडतो, म्हणून धुवायचं नाही, सुक्या मऊ कापडाने पुसायचं. आणि विकणार असाल तर त्याला 'प्वेब्लो' भांडं म्हणू नका. अमेरिकेत १९९० च्या कायद्याने, मूलनिवासी कलाकाराने न केलेली वस्तू त्यांची म्हणून विकणं हा गुन्हा आहे. साच्यात ओतून केलेल्या स्वस्त नकलांनी त्या घरांचं मोठं नुकसान केलं आहे.

तिकडे राहणाऱ्या किंवा फिरायला जाणाऱ्या मराठी वाचकांनी खरं भांडं घ्यायचं ठरवलं तर करणाऱ्याच्याच हातून घ्या, सँटा फेच्या त्या ओसरीत किंवा १९२२ पासून भरत आलेल्या तिथल्या मोठ्या बाजारात, जो ऑगस्टमध्ये असतो. विचारा: माती कुणी खणली, हातानं वळलं का, उघड्या आव्यात भाजलं का, कुणाकडे शिकलात? शेवटचा प्रश्न विचारलात की बहुतेक वेळा आई, आजी, मावशी यांची नावं ऐकायला मिळतात. भांड्याच्या आत बोट फिरवा, वळ्यांचे हलके चढउतार लागतात. साच्यातल्या भांड्याची भिंत सगळीकडे एकसारखी असते. गावात गेलात तर परवानगीशिवाय फोटो काढू नका, आणि ॲकोमाच्या कड्यावरच्या जुन्या गावात तिथल्या मार्गदर्शकाबरोबरच जाता येतं.

राहिली तुमची फुटलेली भांडी. तुकडे फेकू नका. जाळातून निघालेलं प्रत्येक खापर एका डब्यात टाका आणि डबा भरला की कुटून चाळा. पुढच्या मातीला लागणारी वाटीभर भुकटी तीच.